थाळनेरचा आरब रात्री का दाखवत नाही

"सर, किल्ला एवढा छान दाखवता, मग रात्री का नेत नाही?" हा पहिला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला असतो: "ते आरबाचं भूत खरंच आहे का हो?" फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा बँकेत पासबुक भरून घ्यायला उभा होतो, तर काउंटरपलीकडच्या मुलीनेही विचारलं. मी दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. गुडघे दुखतात, दगड निसटलेत, तापीच्या अंगाला विंचूकाटा फार. यातलं काहीच खोटं नाही, पण खरं कारण ते नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवून देणार.

धुळे जिल्ह्यात, तापीच्या काठावर आमचं थाळनेर; ते कुठे आहे, शिरपूरहून कसं जायचं, हे विचारणाऱ्यांना ठाऊकच असतं. लता मंगेशकरांचं आजोळ इथलं, हेही ठाऊक असतं. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा मूळपुरुष मलिक राजा 1399 मध्ये वारला आणि त्याला इथेच दफन केलं, बुऱ्हाणपूर वसण्याआधी खानदेशचा कारभार इथून चालायचा, हे सांगायला लागलो की मात्र निम्मे लोक मोबाइल काढतात. हजिऱ्यांपाशी, म्हणजे त्या जुन्या थडग्यांपाशी, पाच मिनिटं थांबा म्हटलं तर ऊन लागतं. आरब म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात.

तर आरबाचं कागदावर काय आहे तेवढं आधी ऐका. महिदपूरला 21 डिसेंबर 1817 रोजी इंग्रजांपुढे होळकरांचा मोड झाला. जानेवारीत मंदसोरला तह झाला आणि त्यात खानदेश इंग्रजांकडे गेला. इंग्रजांच्या जनरल हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून 27 फेब्रुवारी 1818 रोजी थाळनेरपुढे आली. किल्लेदार होता तुळशीराम मामा. त्याने किल्ला द्यायला नकार दिला, तोफा चालल्या, आणि मग तो स्वतःच बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतली आरबांची शिबंदी, म्हणजे पगारी अरब शिपाई, शेवटच्या दरवाज्याशी उभे होते. दरवाज्यातली दिंडी, ते छोटं दार, उघडली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मोजक्या शिपायांनिशी आत शिरले. तिथे काय बोलणं झालं, कुणाला कुणाचं किती कळलं, देव जाणे; पण हत्यारं चालली आणि दोघेही तिथेच पडले. त्यानंतर बाहेरची फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे माणसं कापली गेली. किल्लेदाराला त्याच संध्याकाळी फाशी दिलं. पुढच्या वर्षी विलायतेच्या पार्लमेंटात या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीवरून तिथेही वाद झाला.

आमच्या गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत तीनशे नव्हते, एकच आरब होता. उंच, कमरेला जंबिया म्हणजे वाकडी कट्यार, दिवेलागणीनंतर नदीकडे उतरणारा. पाणी मागतो. दिलं तर जातो, नाही दिलं तर धरतो. काहींच्या मते तो मोहरांच्या हंड्यावर बसलाय. त्या हंड्यापायी कोण कोण येऊन रात्री खड्डे खणतं. सकाळी तिथे कापलेलं लिंबू, कुंकू, कोंबड्याची पिसं पडलेली असतात. लोकांना घेऊन वर जाताना मला भीती असते ती या खड्ड्यांची. पावसाळ्यात वर गवत माजलं की खड्डा दिसतच नाही.

हल्ली येणारे बाकीची भुताची गावं पालथी घालून आलेले असतात. एकजण भानगडहून आलेला. तिथे पुरातत्त्व खात्याचाच बोर्ड आहे म्हणाला, सूर्यास्तानंतर जायला बंदी! अहो, सूर्यास्ताला कुलूप कितीतरी स्मारकांना लागतं, सगळ्यांत काय भुतं भरलीत? दुसरा कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहून आलेला. तीन किलोमीटरहून खोल खाण, 2001 मध्ये बंद पडली, आता सगळा भुताचा कारभार, असं तो रंगवून सांगत होता. मी विचारलं, तिथे माणसं राहत नाहीत का? राहतात की, म्हणाला, पहाटेच्या गाडीने कामाला बेंगळुरूला जातात, व्हिडिओ काढताना तेवढी टाळावी लागतात. त्याला मी किल्ला दाखवला, पण घरी चहाला बोलावलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढे चिडता, म्हणजे तुमचा भुतावर विश्वास नाही. इथेच पंचाईत आहे. 1989 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती निघाली तेव्हा मी नोकरीत नवा होतो, अंगात रग होती. परिपाठाला उभा राहून मुलांना सांगायचो, आरब-बिरब काही नाही, तुमच्या आयांना सांगा. त्या मास्तराचं मी आजही खोटं म्हणत नाही. पण त्याच्या आवाजातला तो खणखणीतपणा आता आठवला की वाटतं, हा कुणाला सांगतोय? समोरच्या पोरांना तर नक्कीच नाही.

तो सांगत होता माझ्या बहिणीला.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर नदीपलीकडे, अमळनेर तालुक्यात. मुलगा झाला. सव्वा महिनाही पुरा झाला नाही आणि एका रात्री गेला. पहाटे बाबा आणि काका त्याला पंच्यात गुंडाळून घेऊन गेले. घरात त्यानंतर त्याचा विषय बंद. पाळणा माळ्यावर चढला, बाळंतविडा ट्रंकेत गेला. आक्का किल्ल्याखाली धुणं घेऊन जायची ती तास न् तास यायची नाही. मग तिचं बोलणं थांबलं. मग जेवण. बायका म्हणाल्या, नदीवर आरबाने धरली.

भगताला बोलावलं तो दिवस मला आठवतो, कारण त्याच दिवशी तिच्या सासरची गाडी आली होती. तिचा मामेसासरा बाहेर ओट्यावर बसला होता, बैल सोडून त्यांना कडबा टाकला होता. आत मधल्या घरात भगत. दाराला कडी लावलेली. मी मागच्या खिडकीच्या गजांना धरून उभा होतो, कुणी हाकललं नाही म्हणून.

घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे होते. त्यावर त्याने मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. तो ठसका खिडकीबाहेर माझ्या घशात आला, आक्काचं तोंड तर घमेल्यावर धरलेलं. तिचे केस त्याने मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळले होते आणि दुसऱ्या हातात चिंचेची ओली फोक. तिच्या चोळीचा पुढचा भाग ओला होता. मला वाटलं, पाणी पाजताना सांडलं असेल. ते दूध होतं, हे मला माझी मुलगी झाली तेव्हा कळलं.

भगत विचारायचा, "कोण शे तू?" ती गप्प. फोक बसायची. "आरब शे ना? जास का नही?" आणि मग, इतक्या दिवसांनी, आक्का बोलली. आवाज खाली गेलेला, जाड, तिचा वाटतच नव्हता.

"माले जानं नही."

बायकांनी हात जोडले. आरब बोलला. भगताने फोक उचलली. "जाय!" "माले जानं नही." "जाय म्हणतस ना!" "माले जानं नही." प्रत्येक वेळी फटका, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात, घाई न करता. बाहेर ओट्यावर मामेसासरा बाबांना विचारत होता, किती वेळ लागेल, उन्हं उतरायच्या आत निघायला पाहिजे, पाण्यातून गाडी घालायची आहे. मायने पदर तोंडात धरला होता. ती रडत होती की मिरचीचा धूर होता, मला कळलं नाही.

दिवस बुडता बुडता आक्का म्हणाली, "जास." भगताने केस सोडले, नारळ फोडला, गावाबाहेर उतारा टाकून आला. "गया," म्हणाला. गाडी त्या दिवशी नाही निघाली. तिसऱ्या दिवशी निघाली. आक्का गाडीत बसली होती आणि तिच्या हातात एकही बांगडी नव्हती, सगळ्या मधल्या घरात फुटल्या होत्या. सवाशिणीचे हात रिकामे कसे पाठवायचे म्हणून मायने धावत जाऊन शेजारणीच्या दोन आणून भरल्या.

हे समजायला पंडित व्हावं लागत नाही. बाहेर गाडी उभी, आत पोर म्हणतेय मला जायचं नाही, आणि अख्खं घर ते भुताचं बोलणं समजून तिला मारतंय. मला ते कळलं तेव्हा मी डी.एड.ला होतो आणि रात्रभर झोपलो नव्हतो. परिपाठाच्या खणखणीत आवाजाच्या मागे हे होतं. आज कायदा आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो की भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. शाळेत मी त्याच्या प्रती वाटल्या. तो भगत तोवर कधीच मरून गेला होता.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. समजूतदार लेख झाला असता. पण आक्का अजून आहे, शिरपूरला धाकट्या मुलाकडे असते, आणि ती हे मान्य करत नाही.

काही वर्षांपूर्वी धीर करून मी विषय काढला. ती सुपात दादर ज्वारी निवडत होती. म्हटलं, आक्का, तुला सासरी जायचं नव्हतं, म्हणून तू तसं म्हणत होतीस ना? सूप तसंच धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मंग ते काय सोंग व्हतं?"

मी म्हटलं, सोंग नाही गं, मनात असतं ते असं वेगळ्या आवाजात... मी मानसशास्त्राचं बरंच काही बोललो. तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते मी नही बोलनू. तोच बोलना." सासरी जायला तिची ना नव्हती म्हणे, कुठे का जाईना, तिला सगळं सारखंच होतं. नको होतं ते त्याला. आणि तो तिला धरायला आलाच नव्हता. ती किल्ल्याखाली धुणं घेऊन बसायची तेव्हा वरच्या दगडावर येऊन बसायचा. तिने तांब्याने पाणी दिलं. त्याने विचारलं, पोरगा कसा होता. घरात हे कुणीही विचारलं नव्हतं. तिने सांगितलं, उजव्या कानामागे तीळ होता, दूध पिताना अंगठा घट्ट धरायचा.

मी मूर्खासारखं विचारलं, "कोणत्या भाषेत बोलायचा?"

वर्गातल्या ढ पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि सूप पाखडायला घेतलं. जरा वेळाने आपणहून म्हणाली, "तो माले कधी नडना नही. तुम्ही नडनात." त्या 'तुम्ही'मध्ये भगत होता, बाबा होते, माय होती. परिपाठाला उभा राहणारा मास्तरही असावा, मी विचारलं नाही.

आता सांगा, मी तुम्हाला काय सांगू? भूत आहे म्हणालो तर उद्या तुम्ही बॅटऱ्या आणि कॅमेरे घेऊन नदीकाठी बसणार, आणि अजून कुठल्या तरी घरात कुठल्या तरी पोरीला धुरी मिळणार. ती मिळते, कायदा आहे तरी मिळते. भूत नाही म्हणालो तर ज्या एकाने माझ्या भाच्याची चौकशी केली, तोच नव्हता असं मी आक्काच्या तोंडावर म्हणतोय. माझा स्वतःचा विश्वास विचाराल तर नाही. शंभर वेळा नाही. तरी दिवेलागणीच्या आत मी किल्ल्यावरून खाली उतरतो आणि बायकोला विंचवाचं कारण सांगतो. का उतरतो? पंचविशीतला मास्तर असता तर त्याने फळ्यावर उत्तर लिहून दिलं असतं. त्याच्याशी माझं आताशा जमत नाही.

शिवाय तुम्हाला तुळशीराम मामा नको असतो. तीनशे माणसांची नावंगावं कुठेही लिहिलेली नाहीत, याचं तुम्हाला काही वाटत नाही. त्यातल्या एकाने अमावस्येला तुम्हाला दर्शन द्यावं, एवढीच अपेक्षा. हे मला झोंबतं, आणि झोंबायला मी कोण, तेही कळत नाही. मीही लहानपणी गोधडीत तोंड घालून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायचो. सांगायची आक्काच.

हे लिहू का, म्हणून तिला विचारलं. म्हणाली लिही, फक्त माझं नाव टाकू नको, त्याचं टाक. म्हटलं, त्याचं नाव काय? ते तिला माहीत आहे म्हणे. मला सांगितलं नाही.

तेव्हा रात्री मी नेणार नाही. दिवसा या, कधीही या, सकाळी आठच्या आत आलात तर ऊन लागत नाही. शेवटचा दरवाजा जिथे होता ती जागा दाखवतो, हजिरे दाखवतो. आरबाचं विचाराल तर वर काही बोलणार नाही. आणि आक्काचं घर कुठे, हे तर अजिबात विचारू नका. मागच्या वर्षी एकाने विचारलं होतं.