पाइप कुणी आणलाय का?

२०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका सामाजिक संस्थेत काम करत होते. २१ तारखेच्या रात्री पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता. वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या चढत गेल्या, त्यात भरती. २२ ला उजाडलं तेव्हा बाजारपेठेतली दुकानं पार बुडाली होती आणि माणसं वरच्या मजल्यांवर, छपरांवर अडकली होती. २००५ चा पूर अंगावर घेतलेले लोकही सांगत होते, एवढं पाणी तेव्हाही नव्हतं.

पाणी ओसरलं तशा मदतीच्या गाड्या यायला लागल्या. तालुक्याच्या प्रशासनानं आमच्यासारख्या काही संस्थांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, कुणाची गाडी कुठे जायची ते तुम्ही एकत्र बसून बघा. उंचावरच्या एका सभागृहात टेबल मांडलं. एक जाड रजिस्टर, एक पांढरा फळा, आणि जनरेटरवर फोन चार्ज करायला लावलेला बोर्ड. त्या टेबलावरचा एक मंगळवार मला सांगायचाय.

आपत्तीत मदत कमी पडते असं लांबून वाटतं. मी पाहिलं ते वेगळं होतं. मदत भरपूर होती, पण ती रस्त्याला चिकटून राहत होती. रात्रभर प्रवास करून आलेली गाडी जिथे पहिली चिखलानं भरलेली माणसं दिसतील तिथे थांबायची. साहजिक आहे, समोर हात पुढे आल्यावर कोण पुढे जाईल? त्यामुळे चिंचनाक्याच्या आसपास काही घरांना तिसऱ्यांदा किट मिळालं होतं, आणि खेर्डीच्या आतल्या गल्ल्यांमधल्या भाड्याच्या खोल्यांत एकही गाडी गेली नव्हती. त्या खोल्यांत एमआयडीसीत काम करणारे कामगार राहत होते, कुणी कर्नाटकातले, कुणी बिहारचे, बेकरीतली पोरं, नेपाळी वॉचमन. रेशनकार्ड गावाकडे, त्यामुळे इथल्या कुठल्याच यादीत नाव नाही. यादी रेशनकार्डावरून केली की भाडेकरू गळतो, हे मी तेव्हा ओरडून सांगत होते आणि आजही सांगते.

जुन्या कपड्यांचा ढीग तर बघवत नव्हता. रस्त्याच्या कडेला पावसात भिजून त्याला वास यायला लागला होता. लोकांना हवी होती फावडी, घमेली, खराटे, गमबूट, चटया, मच्छरदाण्या, सॅनिटरी पॅड, आतले कपडे. घरात गुडघाभर चिखल आहे आणि तो काढायला फावडं नाही, अशा बाईला आपण जरीची जुनी साडी देतो, याचं मला फार वाईट वाटायचं.

त्या मंगळवारी सकाळच्या बैठकीत आम्ही रजिस्टरचे रकाने बदलले. आधी गाडीतून काय आलं ते लिहायचो. आता चार रकाने केले: वाडी किंवा गल्ली, काय पोहोचलं, काय राहिलं, आणि खात्री कुणी केली. चौथ्या रकान्यात तलाठी, कोतवाल, आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांच्यापैकी कुणाचं तरी नाव असल्याशिवाय गाडी सोडायची नाही. सगळ्यात जास्त वाद झाला तो पावतीवरून. एका संस्थेला आधारकार्डाची झेरॉक्स हवी, दुसरीला अंगठा, तिसरीला किट हातात धरलेला फोटो. आणि लोकांची कागदपत्रं कुठे? सभागृहाच्या ओट्यावरच एक मावशी पापड वाळत घालावेत तसे घरातले सगळे कागद मांडून बसल्या होत्या. सातबारा, पासबुक, मुलीचा दहावीचा निकाल. शाई पार उतरलेली. मी सगळ्यांना तिथे नेलं आणि म्हटलं, यांच्याकडे झेरॉक्स मागा. त्यानंतर एकच कागद सगळ्यांनी मान्य केला: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, लहान मूल किंवा आजारी कोण, आणि सेविकेची सही.

पंचनाम्याचा घोळ वेगळाच. पंचनामा होईपर्यंत चिखल काढला तर नुकसान दिसणार नाही, या भीतीनं दुकानदार तशाच घाणीत बसून होते. मदत वाटप आणि पंचनामा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फोटो काढून ठेवा आणि साफसफाई सुरू करा, असं दिवसभर प्रत्येकाला सांगावं लागत होतं.

दहाच्या सुमारास वैद्यकीय अधिकारी तरातरा आत आले. कुणीतरी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या पुड्या करून हातोहात वाटत होतं. कोकणात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची धास्ती असतेच, त्यात सगळं शहर चिखलात उभं. गोळी गरजेचीच. पण ती गरोदर बाईला चालत नाही, लहान मुलांना देत नाहीत, आणि आठवड्याचा डोस असल्यामुळे कुणी कधी घेतली याची नोंद लागते. डॉक्टर म्हणाले, "औषध कुठल्याही गाडीतून येऊ दे, वाटेल ती फक्त आशा." आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहिलं. वाटणारी मुलंही समजूतदार होती. उरलेला साठा त्यांनी स्वतः आणून जमा केला.

पाण्याचं गणितही तिथेच मांडलं. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरा, असं मदतकार्यातलं सर्वमान्य प्रमाण आहे. पिणं, स्वयंपाक, अंगाची स्वच्छता, सगळं त्यात आलं. बाटल्यांचा ट्रक त्यापुढे काहीच नाही. म्हणून बाटल्या कुणी पाठवू म्हटलं की मी टँकर मागायचे, नाहीतर विहीर उपसायचा पंप आणि पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर.

आता मुख्य गोष्ट. दुपारी वरच्या खोऱ्यातल्या एका वाडीची आशाताई आली. गाडीचा रस्ता दरडीखाली, पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा साकव, छोटा पूल, वाहून गेलेला, म्हणून ती डोंगरातून फेरा मारून चालत आली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायाला जळवा लागल्याचे रक्ताचे ओघळ. प्लास्टिकच्या पिशवीत कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलेलं, त्याच्या पाठीवर अख्ख्या वाडीची नावं. मी सवयीनं विचारलं, किती किट देऊ?

"ताई, तांदूळ हाय आमच्याकडं. घराघरात कणगीत भात हाय, नाचणी हाय. पाणी नाय."

डोंगरातल्या झऱ्यावरून त्यांच्या टाकीत पाइपनं पाणी यायचं. दरडीनं ती लाइनच ओढून नेली होती. खालची विहीर गाळानं भरलेली. बायका पऱ्याचं लाल पाणी फडक्यानं गाळून उकळत होत्या, आणि उकळायला लाकडं सुकी नव्हती. तिनं कागद पुढे केला. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'इंची काळा पाइप ३०० मीटर, जॉइंट, क्लिप.' खाली बीपीच्या गोळ्या, मीठ, तेल, काड्यापेटी. आणि शेवटी एक नाव, त्यापुढे 'आठवा संपला.'

मी सभागृहात उभी राहून विचारलं, "पाइप कुणी आणलाय का?" सगळे बघत राहिले. गोदामात बिस्किटं छतापर्यंत होती. पाइप कुणीच आणला नव्हता, कारण पुरात पाइप लागेल असं कुणाच्या मनात येणार?

तिथून पुढचे काही तास मला कायम लक्षात राहतील. एका संस्थेकडे पैसे होते, पण त्यांच्या नियमात फक्त तयार किट बसत होतं. दुसऱ्या संस्थेकडे पाणी आणि स्वच्छतेसाठी वेगळी तरतूद होती, पण खरेदीला तीन कोटेशनं लागत होती. अर्धी बाजारपेठ चिखलात, कोटेशन देणार कोण? त्यांच्या मॅडमनी तिथूनच मुंबईला फोन लावला, आशाताईचा कागद वाचून दाखवला आणि तोंडी मंजुरी मिळवली. सावर्ड्याच्या बाजूला हार्डवेअरचं एक दुकान उघडं होतं. पाण्याचे पंप दुरुस्त करायला आलेल्या एका फिटरदादांनी सामानाची यादी नीट करून दिली, कपलर किती, टेपचे रोल किती, आणि स्वतः बरोबर जायला तयार झाले. साकव नव्हता म्हणून पुण्याहून आलेल्या गिर्यारोहक मुलांना विचारलं. त्यांनी पऱ्याची रुंदी, पाण्याचा जोर, काठावर झाडं कुठली आहेत ते आशाताईला नीट विचारलं आणि दोर काढले. आरोग्य विभागानं एक सिस्टर दिली.

राहिले उचलणारे हात. तेवढ्यात घाटावरच्या एका गावातलं मंडळ टेम्पो घेऊन पोहोचलं. पोरं रात्रभर जागी, डोळे लाल. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "मॅडम, आम्ही गोदामात माल उतरवणार नाही. गावात दारोदार फिरून वर्गणी काढलीय. आमच्या हातानंच द्यायचं." टेबलावरचे काही जण चिडले. मला त्याचं म्हणणं पटलं. ज्या म्हाताऱ्यांनी पन्नास-पन्नास रुपये दिले, त्यांना परत जाऊन हा काय सांगणार, गोदामात टाकून आलो?

म्हटलं, "दादा, तुमच्या हातानंच द्या. कुठे द्यायचं तेवढं मी सांगते." त्याला फळ्यासमोर नेलं, खेर्डीच्या खोल्या दाखवल्या, मग आशाताईचा कागद दाखवला. तो कागद त्यानं दोनदा वाचला. मग पोरांना हाक मारली. निम्मी पोरं किट घेऊन खेर्डीत गेली. उरलेल्यांनी किट फोडून तेल, मीठ, चहा-साखर, काड्यापेट्या, मेणबत्त्या डोक्यावर नेता येतील अशा पिशव्यांत भरल्या. पाइपची बंडलं बांबूला अडकवून दोघादोघांनी खांद्यावर घेतली. दरडीपर्यंत जीप, पुढे चाल. आशाताई सगळ्यांच्या पुढे. तिला म्हटलं, थोडं खाऊन घे, बस. ती चहा उभ्यानंच प्यायली.

मी गेले नाही. टेबल सोडून चालत नव्हतं. पुढचं मला परतलेल्या मुलांनी सांगितलं. पऱ्यावर दोर बांधून एकेकाला पार केलं. वाडीतले पुरुष फावडी घेऊन दरडीपर्यंत सामोरे आले होते. फिटरदादांबरोबर त्यांनी वरच्या झऱ्यापासून लाइन जोडत आणली, पाऊस चालूच. सिस्टरनी कागदावर शेवटी नाव असलेल्या त्या गरोदर बाईला तपासलं आणि इथे ठेवणं नको म्हणाल्या. डोली केली. तिच्या सासूनं सगळ्यांना एकच सांगितलं, "हळू न्या रे बाबांनो, घाई नको." दोर धरून कंबरभर पाण्यातून मुलांनी डोली पार केली आणि अंधार पडताना जीप कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघाली. त्या मंडळातली दोन पोरं डोलीच्या खांद्याला होती. बॅनर टेम्पोतच राहिला होता, कुणाला आठवलाही नाही.

त्याच दिवसांत महाडजवळ तळीये आणि खेड तालुक्यात पोसरे इथे दरडीखाली माणसं गेली होती. बचाव पथकं तिकडे ढिगारे उपसत होती. सगळा जिल्हा तिकडचे आकडे ऐकत असताना पाइपसाठी धावपळ करणं काहींना क्षुल्लक वाटलं, एकानं तसं बोलूनही दाखवलं. मला ते मान्य नाही. गढूळ पाण्यानं वाडीत जुलाब पसरले असते, तर डोली एकच लागली नसती.

रात्री उशिरा फोन वाजला. नेटवर्क फक्त सड्यावर, डोंगरावरच्या सपाटीवर मिळायचं, म्हणून आशाताई बॅटरी घेऊन वर चढली होती.

"ताई, पाणी आलं टाकीत. लाल येतंय अजून."

"आजचं सोडून द्या. निवळ आलं की टीसीएल टाका. टाकी केवढी?"

"दोन हजाराची."

"मग दहा ग्रॅम. अर्धा तास थांबून ओटी टेस्टनं क्लोरीन तपासा, पिवळा रंग आला तरच प्यायला द्या. उकळणं सोडू नका."

"आन् बॅटरीचे सेल पाठवा. हा फोन बंद पडंल आता."

तिच्या वाडीपुढच्या 'काय राहिलं' या रकान्यात पाइपवर काट मारून मी सेल लिहिले, आणि पान उलटून पेठमापची यादी काढली.