बास्टिबल अपडेट: वरून रंग आला एकदाचा!

मंडळी, झालं! बास्टिबलमधला (म्हणजे निखाऱ्यांवर भाजायचं झाकणवालं आयरिश लोखंडी भांडं) सोडा ब्रेड वरून चक्क खरपूस निघाला. मागची रडगाणी वाचलेल्यांना माहितीये, खाली कोळसा, मध्ये गिच्च आणि वर पांढराफटक, हेच चालू होतं.

पिठावर संशय घ्यायला जागाच नव्हती. इकडचा, आयर्लंडचा, गहू मऊ, ग्लुटेन कमी, यीस्टला तसा निरुपयोगीच, म्हणून तर 1830 नंतर खायचा सोडा घरोघरी पोचला, बटरमिल्कच्या आंबटपणाशी गाठ पडली की लगेच गॅस सुटतो, मळत बसायचं नाही, क्रॉस मारा आणि भांड्यात टाका. म्हणजे भानगड आगीतच.

चारकोल फार तापट हो, झाकणावर टाकला की धडाधडा जळतो आणि आत ब्रेड शिजायच्या आधीच राख. शिवाय माझ्या नवीन डच ओव्हनचं (तसंच जाड लोखंडी भांडं) झाकण फुगीर, निखारे घरंगळून खाली, मग खालची बाजू अजून करपते. शेवटी लिलावातून जुनं बास्टिबल घेतलं, तीन पाय, सपाट झाकण. विकणाऱ्याने 'वापरायला तयार' म्हणून दिलेलं, आत हा गंज! घासून घासून हात गेले.

आणि टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण! 2022 पासून दुकानात, ऑनलाइन विकायला बंदी, पण शेजारच्या आजोबांची स्वतःची बॉगची (दलदलीची) पट्टी आहे, त्यांनी पोतंभर दिला. टर्फचा निखारा मऊ, राखेत गुरफटून तासन्‌तास धुमसतो. 1937-39 मध्ये इकडच्या शाळेतल्या पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून ज्या वह्या भरल्या त्यातही भांड्याखाली आणि झाकणावर निखारे असंच येतं, आपल्या भानोळ्यासारखं. मी झाकण आधीच तापवून घेतलं, वर भरपूर निखारे, खाली जेमतेम, आणि अंगणातल्या क्रेनवर (आगीवर भांडं टांगायचा लोखंडी दांडा) आकडा दोन खाचा वर घेतला. काढून बुडावर टकटक केलं तर पोकळ आवाज, अहाहा! बूड अजून जरा काळंच आहे, पण खाल्ला सगळा, बटर थापून.

पुढे बॉक्स्टी (बटाट्याचं आयरिश धिरडं) ठरली होती, ग्रिडल, म्हणजे सपाट तवा, तेल लावून तयारही आहे. पण लिहिताना डोक्यात आलं, भांड्याला पाय आहेत तर लटकवायचं कशाला? आगीतून निखारे बाजूला ओढायचे, त्यावरच उभं करायचं, म्हणजे खाली ज्वाळा नाहीच. बॉक्स्टी थांबेल. आणि कुणी टर्फला चाकाचा भाता (चाक फिरवून वारा घालायचा) लावलाय का, जुन्या घरांत असायचा तो? राख उडून ब्रेडवर येते का तेवढं सांगा, वेल्डिंगवाल्याला विचारायच्या आधी.