मालिगाकंद ते अलुविहार: श्रीलंकेत पालीच्या मागावर

गोव्यातील साखवळच्या धर्मानंद कोसंबींनी ज्ञानाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी अशा मुक्कामांत त्यांनी संस्कृत पक्के केले, बौद्ध विद्येच्या शोधात नेपाळपर्यंत पायपीट केली, आणि तिथेही निराशाच पदरी पडल्यावर १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या विद्यालयात, येऊन पोहोचले. ज्या देशात बुद्धांनी ४५ वर्षे धम्म सांगितला, त्या देशात त्यांच्या वचनांची भाषा, पाली, शिकवणारा गुरू मिळू नये आणि त्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, ही गोष्ट मला फार वर्षांपासून अस्वस्थ करत आली आहे. नागपुरात संध्याकाळच्या पाली वर्गात शिकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या हाती आज देवनागरीतले ग्रंथ आहेत ते कोसंबींसारख्यांनी केलेल्या वणवणीमुळे. म्हणूनच श्रीलंकेला जायचे ठरले, तेव्हा पहिला मुक्काम समुद्रकिनारी न ठेवता कोलंबोतील मरदाना स्थानकाजवळ ठेवला. तिथून विद्योदयचे ठिकाण मालिगाकंद चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

विद्योदय परिवेणाची स्थापना हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये केली. त्याच वर्षी पाणदुरा येथे मोहोट्टिवत्ते गुणानंद भिक्खूंनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी जाहीर वादविवाद करून बौद्ध समाजाला ताठ मानेने उभे केले होते. सभा जिंकली तरी ग्रंथ वाचणारे तयार व्हायला हवेत, आणि ते काम शांतपणे, वर्षानुवर्षे करावे लागते, हे सुमंगल जाणून होते. दोन वर्षांनी पेलियगोड येथे विद्यालंकार परिवेण निघाले. पुढे राहुल सांकृत्यायन, आनंद कौसल्यायन आणि जगदीश काश्यप हे तिघेही विद्यालंकारात शिकले. त्यांतले काश्यप नंतर नालंदा येथून निघालेल्या देवनागरी त्रिपिटकाच्या (बौद्धांच्या मूळ धर्मग्रंथांच्या) ४१ खंडांचे प्रधान संपादक झाले, तर कौसल्यायनांनी आयुष्याची अखेरची वर्षे आमच्या नागपुरात काढली.

१९५९ मध्ये या दोन्ही परिवेणांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि विद्योदय विद्यापीठ पुढे शहराबाहेर गेले. मालिगाकंदला परिवेण मात्र चालू राहिले. परवानगी घेऊन मी एका वर्गाच्या मागच्या बाकावर बसलो. दहा-बारा वर्षांचे सामणेर (शिकाऊ भिक्खू) ओळीने बसले होते आणि विभक्ती म्हणत होते: "बुद्धो, बुद्धा, बुद्धं, बुद्धे, बुद्धेन, बुद्धेहि". शिकवणारे भिक्खू मध्येच थांबवून एखाद्याला उठवत आणि तेच रूप "मुनि" किंवा "भिक्खु" शब्दाचे विचारत. चुकलेल्या मुलाला ते रागावले नाहीत. त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि पुढे गेले. भिंतीलगतच्या कपाटात १९५६ च्या बुद्धजयंतीनिमित्त सरकारने हाती घेतलेल्या त्रिपिटकाचे खंड होते. त्यांत डाव्या पानावर सिंहली लिपीतील पाली आणि उजव्या पानावर सिंहली भाषांतर अशी मांडणी आहे. समोर भाषांतर छापलेले असताना मुलांना विभक्ती घोकायला का लावता, असे मी वर्ग संपल्यावर विचारले. भिक्खू म्हणाले, "भाषांतर करणाऱ्याला जेवढे दिसले तेवढेच भाषांतरात येते. पुढच्या पिढीला त्याहून अधिक दिसायला हवे असेल, तर तिला मूळ वाचता यायला हवे." मी नागपूरहून आलो आहे हे कळताच त्यांनी दीक्षाभूमीविषयी आपुलकीने विचारले, आणि लगोलग पुढचा प्रश्न टाकला: "तिथे लहान मुलांना पाली कोण शिकवते?" मला पटकन उत्तर देता आले नाही.

कोलंबोहून कँडीला आगगाडीने गेलो. या प्रवासातील चहाच्या मळ्यांचे आणि बोगद्यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, म्हणून ते इथे करत नाही. कँडीत मला बुद्धांच्या दंतधातूच्या मंदिराइतकीच तलावापलीकडच्या मल्वत्त विहाराची ओढ होती. अठराव्या शतकात श्रीलंकेतही उपसंपदा, म्हणजे भिक्खूपदाची पूर्ण दीक्षा, देण्याइतके दीक्षित भिक्खू उरले नव्हते आणि पालीचे अध्ययन जवळजवळ बंद पडले होते. विहारांत ताडपत्रे होती, पण ती वाचून दाखवणारे नव्हते. वेलिविट सरणंकर नावाच्या तरुण सामणेराला व्याकरण शिकायचे होते, तेव्हा त्याला एका गृहस्थाकडे जाऊन शिकावे लागले. त्याने आपल्याभोवती शिष्य जमवले, ग्रंथ शोधले, राजाकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. आधीचे प्रयत्न फसल्यावर अखेर १७५३ मध्ये सयामहून (आजच्या थायलंडहून) उपाली स्थविर आणि त्यांचे सहकारी डच जहाजाने आले आणि याच मल्वत्त विहारात उपसंपदा पुन्हा सुरू झाली.

हा इतिहास पुस्तकात वाचला होता, पण त्या विहाराच्या आवारात उभे राहिल्यावर त्याचा अर्थ मला नीट उमगला. पाली केवळ पोथ्यांमुळे टिकली नाही. पोथी शाबूत असतानाही ती मुकी होऊ शकते, आणि एखादा माणूस गुरू शोधत दूर गेला की पुन्हा बोलू लागते. सरणंकरांच्या वेळी श्रीलंकेने सयामकडे हात पसरला, त्यांच्या शिष्यपरंपरेतून पुढे सुमंगलांसारखे पंडित घडले, आणि कोसंबी श्रीलंकेकडे आले. भारतात परतल्यावर त्यांनी कलकत्ता विद्यापीठातील २५० रुपयांची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांची ५० रुपयांची वृत्ती पत्करली, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून काम करायचे होते. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. तिथे पु. वि. बापटांसारखा विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाला. चिमणरावांचे जनक म्हणून घरोघरी माहीत असलेले चिं. वि. जोशी हेही त्यांचेच विद्यार्थी आणि बडोद्यातील पालीचे नावाजलेले प्राध्यापक होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवते.

कँडीहून डंबुल्लाकडे जाणाऱ्या बसने मातले ओलांडले की थोड्याच अंतरावर अलुविहार लागतो. प्रचंड शिळांच्या कपारींत कोरलेली ही लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, तोवर मुखोद्गत असलेले त्रिपिटक आणि त्यावरील अट्ठकथा (भाष्ये) भिक्खूंनी ग्रंथबद्ध केल्या. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात हा प्रसंग दोनच गाथांत येतो आणि त्यात स्थळाचे नाव नाही. पुढच्या सिंहली परंपरेने ते स्थळ म्हणजे हीच लेणी असे सांगितले. दुष्काळ आणि परचक्र यांनी बेट होरपळले होते, पाठ करणारे भिक्खू मरत होते, आणि एकेका भिक्खूबरोबर एखादे सुत्त (बुद्धांचे प्रवचन) कायमचे जाण्याची भीती होती. १८४८ च्या मातले उठावाच्या वेळी इंग्रजांच्या कारवाईत इथला ग्रंथसंग्रहही नष्ट झाला.

लेण्यांजवळच्या दालनात एक वृद्ध गृहस्थ ताडपत्रावर लिहून दाखवतात. हे पान श्रीताडाचे असते. न उमललेला कोवळा झुबका कापून, मधली शीर काढून, पाने उकळतात, उन्हात आणि दवात वाळवतात आणि गुळगुळीत दांड्यावर घासून सपाट करतात. त्यांनी पट्टी डाव्या हातावर ठेवली, उजव्या मुठीत लोखंडी लेखणी धरली, आणि लेखणीचे टोक डाव्या अंगठ्याने हलकेच पुढे ढकलत "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" कोरले. कोरताना अक्षर जवळजवळ दिसत नाही. पानावर नुसता ओरखडा उमटतो. मग त्यांनी कोळशाची पूड मिसळलेले काळे तेल बोटाने चोळले, वर कोंडा टाकून पुसले, आणि ओळ काळीभोर होऊन वर आली. सरळ आडव्या रेघेने पानाचे तंतू फाटतात, म्हणून या लिपीची अक्षरे गोलाकार झाली, असे ते म्हणाले. एका ओळीला लागलेला वेळ पाहून मी त्रिपिटकाच्या विस्ताराचा अंदाज बांधू लागलो आणि लेण्यांत बसलेल्या त्या अनाम लेखकांपुढे माझे मन नम्र झाले.

तिथे बसूनच मी मालिगाकंदच्या भिक्खूंच्या प्रश्नाचा विचार करत राहिलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला आले होते, आणि त्यांनी पालीचा शब्दकोश व व्याकरण यांवर केलेले काम महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या १६व्या खंडात छापलेले आहे. १९५६ पासून महाराष्ट्रात लाखो घरांतून त्रिसरण आणि पंचशील पालीत म्हटले जाते; एवढ्या मोठ्या संख्येने लोकांच्या ओठांवर असलेली पाली भारतात इतरत्र क्वचितच असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. माझ्या मते या दर्जाचे पैसे सभा-समारंभांत न घालवता विहाराविहारांत शनिवार-रविवारचे वर्ग काढण्यावर खर्च व्हायला हवेत, जिथे रोज "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणणाऱ्या मुलाला "बुद्धं" ही द्वितीया आहे आणि "गच्छामि" हे उत्तमपुरुषी क्रियापद आहे हे दहाव्या वर्षीच कळेल. विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत आणि शाळा-महाविद्यालयांत विषयही आहे. कमतरता आहे ती चांगल्या, पगारी शिक्षकांची.

महाराष्ट्रातून श्रीलंकेला जाणाऱ्या यात्रा बहुधा अनुराधपुर, डंबुल्ला आणि कँडी करतात, आणि त्यांच्या बसगाड्या अलुविहाराच्या दारावरूनच जातात. आयोजकांनी तिथे अर्धा दिवस तरी थांबावे. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत, पांढरे असल्यास उत्तम. पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि दुपारी दगड चांगलाच तापतो, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. मालिगाकंदला वर्ग पाहायचा असेल तर आधी भेटून परवानगी घ्यावी, आणि सोबत लहान मुले असतील तर त्यांना आवर्जून न्यावे.