मी एकट्यानं बोअर घेतला नाही तर काय होणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडायच्या बैठकांना मी जातो, आणि तिथे हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीतला असतो. तीन-चार एकरांचा धनी, कांदा नाहीतर डाळिंब लावलेलं, विहीर फेब्रुवारीतच तळाला गेलेली. तो म्हणतो, "सर, शेजाऱ्यानं पाचशे फूट मारला. मी नाही मारला तर पाणी शिल्लक राहणार आहे का? तोच उपसून नेणार. मग मी एकट्यानं थांबून काय होणार?"

त्याचं म्हणणं बरोबर आहे. एकटा थांबला तर त्याच्या वाट्याचं पाणी शेजाऱ्याच्या डाळिंबाला जातं, एवढंच. जमिनीखालचं पाणी सातबाऱ्याच्या रेषा पाळत नाही. त्यामुळे "तू त्याग कर, गाव सुधारेल" असं मी कुणालाही सांगत नाही. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे त्याला असं सांगणं मला क्रूर वाटतं.

पण त्याच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की निवड दोनच गोष्टींत आहे: बोअर घ्यायचा किंवा गप्प बसायचं. तिसरी वाट आहे, आणि ती आपल्याच राज्यात लोकांनी चालून दाखवली आहे. त्याआधी थोडं खडकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा पेच तिथून सुरू होतो.

महाराष्ट्राचा साधारण चार पंचमांश भाग बेसॉल्टवर उभा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. काळ्या पाषाणात पाण्याला राहायला जागाच नसते. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात म्हणजे सच्छिद्र मऊ खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. शंभर घनफूट खडकातून दोन-तीन घनफूट पाणी मिळालं तरी ते चांगलं म्हणायचं. गंगेच्या गाळात खोल गेलं की पाणी मिळत राहतं, तसं इथे होत नाही. इथली साठवण दर पावसाळ्यात भरते आणि पुढच्या पावसाळ्याआधी बऱ्याच अंशी रिकामी होते. पाचशे फुटांवर पाणी लागलं की नवा झरा सापडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा वरच्या थरातलंच पाणी त्या भोकातून खाली ओढलं जातं आणि शेजारची पन्नास फुटांची विहीर कोरडी पडते. मग विहिरीवाला आत आडवे बोअर मारतो, तेही आटले की बोअरची गाडी बोलावतो. आधीचा मग आणखी खोल जातो. पैसा सगळ्यांचा जातो, पाणी मात्र वाढत नाही.

हे पाणी किती असतं, त्याचा हिशेब मी फळ्यावर मांडतो. समजा हजार हेक्टरांचं गाव आहे आणि पाऊस 450 मिलिमीटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे गावावर 450 कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं साधारण दहावा हिस्सा जमिनीत मुरलं असं धरू. झाले 45 कोटी लिटर. गावात दीड हजार माणसं, माणशी रोज 55 लिटर, वर्षाचे तीन कोटी. जनावरांचे दोन कोटी. शेतीला उरले 40 कोटी. आता उसाला पाटानं पाणी दिलं तर हेक्टरी वर्षाला दोन कोटी लिटर सहज लागतं. वीस हेक्टर ऊस, म्हणजे पन्नास एकर, आणि गावाचं भूजल संपलं. तेच पाणी हरभऱ्याला हेक्टरी पंचवीस लाख लिटर धरलं तर 160 हेक्टरांना, म्हणजे चारशे एकरांना पुरतं.

हा आकडा फळ्यावर येतो तेव्हा सभेत कुजबुज सुरू होते. पाच-पाच एकर ऊस लावणारे दहा जण सगळ्या गावाचं पुढचं वर्ष ठरवून टाकतात, आणि त्या दहांनाही ते माहीत नसतं. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. कारखाना ऊस नेतो, भावाची हमी आहे, म्हणून त्यांनी ऊस लावला. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या घरापुरता शहाणपणाचा होता.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हा हिशेब गावाचा केला. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले तेव्हा ते दुष्काळी, रोजगारासाठी बाहेर जाणारं गाव होतं. बांधबंदिस्ती, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ही कामं सगळ्यांना ठाऊक आहेत, ती बघायला बसगाड्या भरून लोक जातात. माझ्या मते त्या गावाची खरी कमाई दुसरी आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे त्यांनी ठरवलं आणि टिकवलं. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून ताळेबंद मांडायचा, आधी माणसं, मग जनावरं, मग रब्बी. पाऊस कमी झाला की ग्रामसभाच पेरा कमी करायला सांगते.

हा भाग बघायला फारसं कुणी जात नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. जलयुक्त शिवार आलं, श्रमदानाच्या स्पर्धा आल्या, हजारो गावांनी उन्हातान्हात चर खणले. ते काम मोठंच आहे. पण पाणी अडवताना सगळं गाव एकत्र होतं आणि वापरताना जो तो एकटा पडतो. बंधारा भरल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्याच्या काठाला नवे बोअर उभे राहिलेले मी पाहिले आहेत. शेततळ्यांचंही तेच. ती पावसाचं पाणी साठवायला होती, आणि आज कित्येक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली शेततळी बोअरच्या पाण्यानं भरतात. जमिनीखालचं सामाईक पाणी वर आणून एकाच्या कुंपणात कोंडायचं, आणि तेही उन्हात वाफ व्हायला.

"कायदा नाही का?" हेही विचारतात. आहे. 1882 च्या सुखाधिकार कायद्यानं ज्याची जमीन त्याला तिच्याखालचं पाणी घ्यायची मोकळीक दिली, आणि ती समजूत आपल्या हाडीमासी भिनली आहे. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमात शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. म्हणजे साधारण दोनशे फूट. तुमच्या गावात काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. बोअरची गाडी रात्री येते, सकाळी जाते. तलाठी, तहसीलदार कुठे कुठे पुरे पडणार? गावानं स्वतः मानलेला नियमच तिथे चालतो, कारण गाडी आल्याचं गावाला त्याच रात्री कळतं.

मात्र गावाचा नियम म्हणजे आपोआप न्यायाचा नियम, असं मी समजत नाही. "यापुढे नवा बोअर नाही" हा ठराव ऐकायला छान वाटतो, पण ज्यांचे चार बोअर आधीच चालू आहेत त्यांच्या तो पथ्यावर पडतो. उशिरा आलेल्या गरिबाचं दार तेवढं बंद होतं. या बाबतीत विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून 1972 च्या दुष्काळानंतर उभी केलेली पाणी पंचायत मला सगळ्यांत पुढची वाटते. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं असं ठरलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. उसाला मनाई. ते स्वतः अभियंता होते, कारखानदार होते, आणि त्यांनी पंपाइतकाच विचार वाटणीचा केला. वीस एकरवाल्याला अडीच एकरांचं पाणी घे म्हणून पटवणं किती जड गेलं असेल याची कल्पना करा. पन्नास वर्षांनंतरही मी हा नियम सभेत सांगितला की मागे बसलेले भूमिहीन मजूर पुढे सरकतात.

एकट्याच्या निवडीबद्दल म्हणाल तर मी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण देतो. तिथे विषय पाण्याचा नव्हता, जंगलाचा होता. 2009 मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव निर्णय बहुमतानं करत नाही, सर्वसहमतीनं करतं. एखाद्याचं पटत नसेल तर निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. त्या सभेत एकट्या माणसाचं वजन अख्ख्या सभेइतकं आहे.

म्हणून त्या तरुणाला मी सांगतो: बोअर घ्यायचा की नाही हे आज ठरवू नकोस. पैसे एक महिना थांबव. घरी दोरी आणि दगड आहे, तुझ्या विहिरीची पातळी दर पंधरवड्याला मोज आणि भिंतीवर लिही. शेजाऱ्याला त्याच्या विहिरीची मोजायला सांग. बोअरवाल्या शेजाऱ्यालाही विचार, त्याला किती तास पाणी मिळतं आणि किती वेळा मोटार गाळात गेली. हे सांगायला तो तयार असतो, कारण भीती त्यालाही आहे. आठ-दहा विहिरींचे आकडे जमले की ग्रामसभेत जा आणि एवढंच म्हण: "तुम्ही सगळे थांबत असाल तर मीही थांबतो, आणि हे लिहून घ्या." तो एकटा गप्प थांबला तर कुणाला पत्ताही लागत नाही. सभेत अट घालून थांबला तर दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

पहिल्या सभेत ठराव होईल असं मी कधीच सांगत नाही. बहुतेक ठिकाणी होत नाही. पाणी भरणाऱ्या बायका सभेला आल्या तर लवकर होतो, हे मात्र मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. मार्चनंतर हंडा घेऊन कुठवर जावं लागतं, ते त्या सांगतात तेव्हा ऊसवाल्यांना मान वर करून बोलता येत नाही.

पुण्यातल्या सोसायट्यांमधूनही हाच प्रश्न येतो, फक्त उसाच्या जागी टँकर असतो. शेजारच्या इमारतीनं दुसरा बोअर घेतला, आपण का थांबायचं? खडक तोच आहे, उत्तरही तेच. दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी आपापल्या बोअरच्या पातळ्या एका कागदावर मांडल्या तरी सुरुवात होते.

सभा कधी घ्यावी, हेही विचारता. परतीचा पाऊस संपला की लगेच, रब्बीच्या पेरणीआधी. बियाणं घरात येऊन पडल्यावर कुणी ऐकत नाही. आणि पहिला आकडा सरपंचांच्या विहिरीचा लिहा, दुसरा गावात ज्याचा बोअर सर्वांत खोल आहे त्याचा.