पाचशे डॉलरचा जामीन आणि रॉबिन स्टाइनबर्ग

न्यूयॉर्कमध्ये अटक झाली की साधारण २४ तासांत न्यायाधीशापुढे उभं करतात. ऐपत नसेल तर वकील फुकट मिळतो, पण त्याची पहिली भेट सुनावणीच्या जेमतेम काही मिनिटं आधी. २०२० पर्यंत किरकोळ गुन्ह्यातही रोख जामीन मागत. समजा, तो ठरला पाचशे डॉलर. घरात तेवढे नाहीत, म्हणजे रवानगी रायकर्स बेटावरच्या तुरुंगात. मग सरकारपक्ष म्हणतो, गुन्हा कबूल करा, आजच घरी जा. माणूस कबूल करतो. खरी गोची इथून सुरू होते: सरकारी घरकुलातली खोली जाऊ शकते, टॅक्सीचा परवाना रद्द होऊ शकतो, मुलांचा ताबा अडतो, परदेशी नागरिक असेल तर हद्दपारी.

बचावाच्या वकील रॉबिन स्टाइनबर्ग यांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 'ब्रॉन्क्स डिफेंडर्स' ही गरिबांचे खटले लढवणारी संस्था काढली ती हे ओळखूनच. फौजदारी वकील, घरभाड्याचे आणि कुटुंब न्यायालयातले खटले लढवणारे, इमिग्रेशनवाले, समाजसेवक, सगळे एका छपराखाली. घर कोणाच्या नावावर, मुलं किती, व्हिसा कुठला, हे आधीच विचारून घ्यायचं. २०१९ मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूत छापलेल्या अभ्यासानुसार या पद्धतीमुळे कैदेची शक्यता १६ टक्क्यांनी आणि शिक्षेचा अपेक्षित काळ २४ टक्क्यांनी घटला. निर्दोष सुटणारे मात्र वाढले नाहीत, हे मला जास्त बोलकं वाटतं.

जामिनावर त्यांचा तोडगा २००७ चा 'ब्रॉन्क्स फ्रीडम फंड', म्हणजे गरिबांचा जामीन भरणारा निधी. आरोपी तारखांना हजर राहिला की खटला संपल्यावर, निकाल काहीही लागो, जामिनाची जवळपास सगळी रक्कम परत मिळते. तेच पैसे पुढच्याला. पण एका न्यायाधीशाने याला विनापरवाना जामीनधंदा ठरवलं आणि काम थांबलं. २०१२ च्या कायद्याने वाट मोकळी झाली, तीही किरकोळ गुन्ह्यांपुरती, दोन हजार डॉलरपर्यंत. हाच प्रयोग त्यांनी २०१८ पासून 'बेल प्रोजेक्ट'मधून इतर राज्यांत नेला. न्यूयॉर्कने २०२० पासून बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत रोख जामीन बंद केला. नंतरच्या दुरुस्त्यांनी तो कायदा पुन्हा आवळला. आपल्याकडचे कच्चे कैदी आठवले असतील, तर बरोबरच आठवले.

तुमचं कोणी इथे अमेरिकेत व्हिसावर असेल तर एवढं सांगून ठेवा: पोलिसांना नाव सांगायचं, 'वकील हवा' म्हणायचं आणि गप्प बसायचं. कबुलीआधी वकिलाला थेट विचारायचं, 'यामुळे माझ्या व्हिसाचं काय होईल?' अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिया (Padilla) निकालानंतर हद्दपारीच्या धोक्याबद्दल सल्ला देणं बचावाच्या वकिलावर बंधनकारक आहे.