तुम्ही विचारलंत म्हणून : देवदर्शनाच्या दिवशी मासे कसे चालतात?

जपानात फुकुओकाला राहायला आल्यापासून भारतातून कोणी ना कोणी येत असतं, आणि वेळ एकच दिवस असेल तर मी त्यांना क्योतोबियोतो सोडा म्हणते आणि जवळच्या मुनाकाताच्या ओशिमा बेटाची गाईडबरोबरची ट्रिप करायला लावते, जमलं तर स्वतःही जाते. प्लॅन व्हॉट्सॲपवर पाठवला की लगेच प्रश्न येतो, सकाळी दोन देवळं आणि दुपारी साशिमी म्हणजे कच्चे मासे, अगं देवदर्शनाच्या दिवशी मासे कसे चालतात? मावशीने विचारलं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या पुण्याच्या मुलाने विचारलं, परवा वहिनीनेही विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

चालतात, कारण तिथल्या देवालाच चालतात. शिंतो म्हणजे जपानचा मूळ धर्म, त्याच्या देवळात सणाला जो नैवेद्य मांडतात त्यात तांदूळ, साके (तांदळाची दारू), मीठ, पाणी, भाज्या, समुद्रातलं शेवाळ आणि मासा असतो, बऱ्याचदा ताई नावाचा लालसर मासा, डोक्याशेपटीसकट अख्खा. इसेच्या मोठ्या देवळाला तर जवळच्या कुझाकी गावातून वाळवलेली आवाबी जाते, ही एक मोठी समुद्री गोगलगाय, आणि बुडी मारून ती काढणाऱ्या बायकांची तिथे फार जुनी परंपरा आहे. जपानी लोक आहेराच्या पाकिटावर कोपऱ्यात जी छोटी घडी लावतात ना, नोशी म्हणतात तिला, ती मुळात याच आवाबीची वाळवलेली पट्टी, आता नुसता कागद उरलाय किंवा छापील चित्र.

म्हणजे सोवळं नाही असं अजिबात नाही. सोवळं कडक आहे, फक्त ते ताटाभोवती कमी आणि मृत्यू आणि रक्ताभोवती जास्त फिरतं. घरात कोणी गेलं असेल तर पन्नास दिवस देवळात जायचं टाळतात, आपलं सुतकच. आत जाताना हात धुवायचे, चूळ भरायची, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. चारपायी जनावराचं मांस सहसा पूर्वीपासून वर्ज्य, मासा नाही. आणि पूर्ण शाकाहारी जेवण जे तुम्ही ऐकलेलं असतं ते बौद्ध मठातलं, कोयासानला मुक्काम केला की मिळतं ते. आपल्याकडे हे दोन्ही एकाच 'जपानी देऊळ' या खात्यात जातं आणि तिथेच गोंधळ होतो. खरं तर आगरी-कोळी घरातल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही, कार्ल्याच्या एकवीरेला कोंबडं-बकरं दाखवणारे लोक ते, त्यामुळे मासा चालतो याचं त्यांना नवल नाही, बकरं चालत नाही याचं वाटेल.

आता ओशिमा. तोगो स्टेशनवरून बसने कोनोमिनातो बंदर, तिथून फेरीने साधारण पंचवीस मिनिटं. मुनाकाताच्या देवी तीन बहिणी आणि त्यांची देवळं पण तीन, एक मुख्य भूमीवर, मधलं नाकात्सुमिया ओशिमावर, आणि तिसरं ओकिनोशिमावर, जे क्युशूच्या किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर आत समुद्रात आहे. धाकटी इचिकिशिमाहिमे, मियाजिमा बेटाच्या पाण्यातल्या तोरीचे म्हणजे देवळाच्या लाल कमानीचे फोटो तुम्ही बघितलेच असतील, तिथली मुख्य देवी तीच, आणि मध्ययुगात तिला बेन्झाइतेन मानायला लागले म्हणजे आपली सरस्वती. हे गाईड काकू सांगतात तेव्हा आपल्याकडच्या पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

नाकात्सुमियाच्या पायऱ्या बंदरापासून जवळच आहेत, मागे मिताके डोंगर. पण मला स्वतःला बेटाच्या उत्तरेकडचं योहाइशो जास्त भावतं. योहाइ म्हणजे लांबून नमस्कार. ओकिनोशिमावर जायला बंदी आहे, म्हणून इथे उभं राहून समुद्राकडे बघून हात जोडायचे. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर बेटाचा आकार दिसतो, बऱ्याचदा दिसतच नाही, तरी नमस्कार तोच. बायकांना तिथे कधीच जाऊ देत नव्हते, पुरुषांनाही वर्षातून एक दिवस, २७ मेला, कपडे काढून समुद्रात आंघोळ करून, तेही साधारण दोनशेजणांना, आणि २०१७ साली युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर पुढच्या वर्षापासून तेही बंद केलं. आता एक पुजारी दहा-दहा दिवसांच्या पाळीने तिथे राहतो. फक्त बायकांना बंदी होती ते मला कायम खटकायचं, सगळ्यांनाच बंद केलं हे मला पटतं. तिथली काडीसुद्धा उचलायची नाही, जे पाहिलं-ऐकलं ते बाहेर सांगायचं नाही हा जुना दंडक, त्यामुळेच चौथ्या ते नवव्या शतकातल्या पूजेच्या वस्तू जागच्या जागी राहिल्या, १९५४ नंतरच्या उत्खननात सुमारे ८०,००० वस्तू मिळाल्या, आरसे, कोरियाकडची सोन्याची अंगठी, पार इराणकडून आलेल्या काचेच्या भांड्याचा तुकडा. कोरियाकडे जाणाऱ्या जहाजांसाठी केलेल्या पूजा होत्या त्या. परत आल्यावर मुख्य देवळाच्या संग्रहालयात जरूर बघा, गाईड नसेल तर लोक ते गाळून बस पकडतात.

आणि म्हणून मला वाटतं इथे जेवण हा ट्रिपचा वेगळा भाग नाहीच. ज्या समुद्रासाठी या देवी आहेत त्यातलंच ताटात येतं. उन्हाळ्यात माकूल, इतकी ताजी की कापलेल्या पट्टीतून खालच्या बशीची नक्षी दिसते. थंडीत फुगू हा विषारी मासा, जवळच्या कानेझाकी बंदराचा नावाजलेला, आणि तो परवाना असलेल्या माणसानेच साफ करायचा. पण मी सगळ्यांना साझाए खायला लावते. काटेरी शंख अख्खा निखाऱ्यावर ठेवतात, झाकणाच्या कडेने पाणी खदखदायला लागलं की सोया सॉस आणि थोडी साके, मग झाकणाखाली काडी खुपसून शंख हळूहळू फिरवत मांस बाहेर काढायचं, घाई केली तर शेपटाकडचा वेटोळा भाग आतच तुटतो. तो गडद हिरवा निघाला तर मादी, पांढरट निघाला तर नर, हे पण काकूंनीच दाखवलं. तोच भाग कडू आणि तोच खरा खायचा.

जमलं तर १ ऑक्टोबरच्या आसपास या. मिआरे उत्सवात शंभराच्या वर मासेमारीच्या बोटी रंगीत झेंडे लावून देवींना ओशिमावरून मुख्य भूमीवर नेतात, तिघी बहिणी वर्षातून एकदा भेटतात. होड्या कोळ्यांच्या, मान कोळ्यांचा.

आणि जे मासे खात नाहीत किंवा त्या दिवशी उपास आहे त्यांच्यासाठी, कोणी आग्रह करत नाही, पण बुकिंग करतानाच सांगा, आणि नुसतं 'मासे नको' म्हणून भागत नाही कारण सूप आणि भाजीच्या रश्श्यात सुक्या माशाचा दाशी म्हणजे अर्क असतो, तो पण नको असं स्पष्ट सांगावं लागतं. बेटावर जेवायच्या जागा मोजक्याच आहेत, आयत्या वेळी वेगळं करून देणं त्यांना जमत नाही, अशांनी ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे मुख्य भूमीवरूनच घेऊन फेरीत बसा, आत उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ) असलेले.