दाढेत काय भरलंय, ते कागदावर लिहून घ्या

दाढ साफ झाली, एक्स-रे झाला, इंजेक्शनही जाणवलं नाही. अडलं ते भरलेल्या मटेरियलच्या नावापाशी, आणि त्याचा संताप अजून जात नाही म्हणून हे लिहितेय.

माझ्या खालच्या दाढेतली कीड नसेपर्यंत पोहोचत आली होती. गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांनी आरसीटी (रूट कॅनाल, म्हणजे नस काढून टाकणं) टाळायचा प्रयत्न म्हणून आत सिमेंट भरलं आणि "वरचं पक्कं नंतर करू" म्हणाले. नंतर त्यांचं तिथे येणंच बंद झालं. मी नाशिक रोडला घराजवळच्या मॅडमकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, आत काय भरलंय?

बिलावर फक्त 'सिमेंट फिलिंग'.

ग्लास आयनोमरही सिमेंटच. ते दाताला आपोआप चिकटतं, फ्लोराइड सोडतं, पण दाढेवर चावण्याचा जोर आला की झिजतं. बायोडेंटिनही सिमेंटच, पण कॅल्शियम सिलिकेटचं. ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडतं, आणि त्यामुळे नस आपल्या बाजूने नवं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, तयार करू लागते. घट्ट व्हायला साधारण 12 मिनिटं, मग ताकद वाढत वाढत डेंटिनच्या जवळ जाते. तरी पृष्ठभाग झिजतोच, म्हणून सहा महिन्यांच्या आत वर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं पक्कं फिलिंग, हवं. मॅडमचं म्हणणं, बायोडेंटिन असेल तर खालचा थर मुळीच हलवायचा नाही, ग्लास आयनोमर असेल तर काढून आत बघायचं. एक्स-रेवरून त्यांना खात्री देता येईना.

मग त्या क्लिनिकच्या काउंटरवर खेपा सुरू झाल्या. "सिस्टिममध्ये फिलिंगच दिसतंय." "डॉक्टर प्रोसिजरमध्ये आहेत, बसा." बसले. पेशंट येत होते, जात होते. "व्हॉट्सॲप करा, कळवतो." मेसेजवर निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. पुन्हा गेले तर काउंटरवर नवीन मुलगी, सगळी कथा पहिल्यापासून. "पांढरं सिमेंट असतं ना, तेच," असंही ऐकलं. माझ्या तोंडात बसवलेल्या वस्तूचं नाव मलाच कोणी सांगेना! शेवटी आतल्या सिस्टर बाहेर आल्या. "तुमच्या वेळी कॅप्सूल मशीनमध्ये हलवली होती, मला आठवतंय," म्हणाल्या आणि स्टॉकचं रजिस्टर काढलं. माझ्या तारखेसमोर स्टिकर चिकटवलेलं होतं, बायोडेंटिन. फोटो काढताना माझा हात थरथरत होता. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

पुढचं सगळं एका बैठकीत झालं. दाढ कोरडी राहावी म्हणून रबराचा पडदा लावला, वरचा थोडा भाग उतरवला, आणि कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी लावून प्रत्येक थरावर निळा लाइट मारला.

वर चांदी, म्हणजे अमाल्गमचं फिलिंग, का नाही, असं आईने विचारलं. चांदी दाढेला मजबूतच, पण तिच्यात जवळपास निम्मा पारा असतो. युरोपियन युनियनने 1 जानेवारी 2025 पासून अपवाद सोडून तिचा वापर थांबवला आहे. आणि ती नसेला नवं डेंटिन बांधायला लावत नाही, मला तर तेच हवं होतं.

हे आधी सांगायला हवं होतं, खुर्चीतून उठण्यापूर्वीच मटेरियलचं नाव केसपेपरवर लिहून मागा, खालच्या आणि वरच्या थराचं वेगवेगळं. कॅप्सूलचं स्टिकर मिळालं तर फाइलमध्ये चिकटवा. आणि रंगीत कागद चावायला देतात तेव्हा घाई करू नका. जरा उंच लागलं तरी तेव्हाच सांगा, सुन्नपणा असेल तर तो उतरल्यावर पुन्हा दाखवा. मला दुसऱ्या दिवशी जाऊन थोडं घासून घ्यावं लागलं, मॅडमनी त्याचे पैसे घेतले नाहीत.